येऊ द्या

गुलाबरावांनी चष्मा नाकावर चढवला आणि प्रतीक्षा सिस्टरच्या हातातला मोबाइल खसकन ओढून घेतला.

ड्रेसिंग नुकतंच आटोपलं होतं. पट्टीचं टोक चिकटवून, हातमोजे काढून तिनं रोजच्यासारखा फोटो दाखवायला फोन पुढे धरला होता. रोज ती धरायची, गुलाबराव डोळे किलकिले करून लांबूनच बघायचे, काहीतरी लाल दिसलं की "ब्येस" म्हणायचे आणि उशीवर मान टाकायचे. चष्मा डोणगावला घरीच राहिला होता. आज सकाळी त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, तो डब्याबरोबर आणून दिला आणि इथंच सगळं बिघडलं.

फोटोत उजवा तळपाय होता. मधोमध जखम, लालबुंद, स्वच्छ, पाहून कोणालाही बरं वाटावं अशी. गुलाबरावांनी फोटो नीट पाहिला. मग चष्म्यावरून आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग परत फोटोकडे.

"आज वार कोनता हाये?"

"बुधवार," प्रतीक्षा म्हणाली.

"बुधवारची चादर कोनती राह्यते?"

शेजारच्या खाटेवर प्लास्टरातला पाय टांगून पडलेल्या माणिकरावांना वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे.

"गुलाबी हो. हिरवी रविवारी राह्यते."

खामगावच्या त्या लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात वाराप्रमाणे चादरींचे रंग बदलत. चादर रोज बदलली जाते की नाही हे लांबून कळावं म्हणून मेट्रनबाईंनी काढलेली ती युक्ती होती. पडून पडून विटलेल्या पेशंटांना तेच कॅलेंडर. आता गुलाबरावांच्या पायाखाली गुलाबी चादर होती आणि फोटोतल्या पायाखाली हिरवीगार.

"मंग हा पाय रविवारचा हाये," गुलाबराव म्हणाले. आवाज चढवला नाही. मेहकरच्या एसटी डेपोत ज्यांनी त्यांच्याबरोबर नोकरी केली त्यांना ठाऊक होतं, हा माणूस ओरडत असतो तोवर भ्यायचं कारण नाही.

"बाबा, ऐका तं..."

"बुधवारचा पाय कुठी हाये?"

"सांगते ना मी, तुमी आधी..."

"माहा बुधवारचा पाय कुठी हाये?"

या वेळी मात्र ओरडले, आणि अख्ख्या वॉर्डाची झोप उडाली. फोन त्यांनी गादीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू म्हणून नीट ठेवला, आणि खाटेवरचा ड्रेसिंगचा ट्रे उचलून भिंतीवर फेकला. कात्री, चिमटे, कापसाचे बोळे असं सगळं फरशीवर विखुरलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. गुलाबरावांच्या तळपायाला खरोखरची आग लावली असती तरी त्यांना कळलं नसतं, पण मस्तक अगदी शाबूत होतं.

तोच तर सगळा घोळ होता. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. चपलेतून वर आलेला खिळा तळव्यात घुसला आणि हा गृहस्थ तसाच दिवसभर गावात फिरला. संध्याकाळी सारवलेल्या ओट्यावर रक्ताची पावलं बघून सिंधूताईंनी किंकाळी फोडली, तेव्हा ह्यांनी मागे वळून विचारलं होतं, कोनाचं रक्त हाये हे?

दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, "संवेदना नाही" म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. स्टूल ओढून जवळ बसली ती ही पोरगी. अमडापूरची, बोलायला मोकळी.

"बाबा, पाय तुमचाच हाये," ती म्हणाली होती, "पन थो आता तुमाले काही सांगत नाही. दुखलं तं सांगत नाही, पोळलं तं सांगत नाही. आन् तळवा तं कोनालेच आपला दिसत नाही. म्हून रोज मी पाहीन आन् जे असंन थे सांगीन. चालते?"

गुलाबरावांना ते "जे असंन थे" फार आवडलं. जन्मभर त्यांनी एसटी हाकली होती. गाडी पुढे न्यायला अक्कल लागते, पण मागे घ्यायला माणूस लागतो, हे त्यांचं लाडकं सांगणं. आरशात दिसतं ते सगळं बाजूचं. मागे गटार आहे, भिंत आहे की कोणाचं लेकरू बसलंय, ड्रायव्हरला काही दिसत नाही. कंडक्टर उतरतो, पाठीमागे उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारत ओरडतो, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस! त्या आवाजावर ड्रायव्हरनं गाडी सोडायची. त्यांचा कंडक्टर हिंमतराव हा खडूस माणूस, सुट्या पैशांवरून लोकांशी भांडायचा, पण मागे उभा राहिला की त्याचा शब्द म्हणजे शब्द.

"तू माही हिंमतराव," गुलाबराव दुसऱ्याच दिवशी तिला म्हणाले होते, आणि ती खळखळून हसली होती. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणत्याही सिस्टरला पायाला हात लावू दिला नाही.

आणि आता हा रविवारचा पाय.

आवाज ऐकून ऋत्विक डॉक्टर आले. तरुण सर्जन, पुण्याकडून शिकून आलेला, कायम घाईत. फरशीवरचा पसारा पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काय चाललंय हे? बरं, विषय निघालाच आहे तर सांगतो. सोमवारपासून अंगठा काळा पडायला लागलाय. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल. शुगर खाली यायची वाट बघत होतो, तर तीच येईना. रोज इन्सुलिन वाढवतोय, रोज शुगर वर. आता थांबता येत नाही, उद्या सकाळी करू. नाही केलं तर आज बोटं, उद्या पाय, परवा तुम्ही. स्पष्ट सांगतोय."

सिंधूताईंनी हातातल्या थर्मासचं झाकण उगाचच आणखी घट्ट केलं.

गुलाबरावांनी डॉक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. ते प्रतीक्षाकडे बघत होते. ती खाली बसून चिमटे गोळा करत होती.

"सोमवारी तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंगळवारी?"

"हाव."

"आन् मी ब्येस ब्येस म्हनत होतो." गुलाबरावांनी अंगावरचं पांघरूण भिरकावलं. "सिंधू, सामान बांध."

दुपारी त्यांचा मुलगा धम्मरत्न शाळा सुटल्यावर मोटरसायकल पिदाडत आला, तोवर सामान बांधून झालं होतं. शिक्षक माणूस, पोरांना दरडावायची सवय, पण बापापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. तरी तो खरं बोलला. मीच सिस्टरले हात जोडले होते, म्हणाला. मागच्या बारीले तुम्ही सलाईन उपसून घरी पळाले होते. या बारीले काळं बोट पाह्यलं असतं तं पुन्हा पळाले असते. सिस्टर नाहीच म्हनत होत्या. मी म्हनलं, एक दिवस. एकाचे तीन झाले.

"तुहं मी समजू शकतो," गुलाबराव म्हणाले. "तू पोरगं हाये. पोरगं बापाशी खोटं बोलतेच, मी बी माह्या बापाशी बोललो. पन थे? तिनं काऊन बोलावं?"

"बाबा, तिचं काही..."

"रिक्षा आन."

व्हरांड्यातल्या बाकावर ते येऊन बसले. वॉकर बाजूला, पिशवी मांडीवर. उजव्या पायाच्या पट्टीवर चप्पल जाईना म्हणून ती हातात धरली होती. सिंधूताई वॉर्डातून उशी, चादर, तांब्या असं एकेक आणत होत्या आणि शक्य तेवढा वेळ लावत होत्या. रिक्षा आणायला गेलेला धम्मरत्नसुद्धा खामगावात जशी काही एकही रिक्षा उरली नाही असा गायब झाला होता.

प्रतीक्षाची ड्युटी संपली होती. पंजाबी ड्रेस, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, हातात स्कूटीची किल्ली. ती पुढून निघून गेली, फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"चालले?"

"तुले काय करायचं?"

"काही नाही. मी बी घरी चालली."

पण ती गेली नाही. तिनं तोंडावरचा स्कार्फ ओढून काढला. डोळे लाल होते, पण त्यात नरमाई अजिबात नव्हती.

"एक इचारू? सोमवारी मी सांगितलं असतं, बोट काळं पडलं म्हून, तं तुमी थांबले असते?"

खरं उत्तर गुलाबरावांना माहीत होतं.

"नसतो थांबलो."

"मंग?"

"मंग काय मंग? नसतो थांबलो तं नसतो थांबलो! पाय माहा हाये का तुहा?" बाकावर त्यांनी चप्पल आपटली. "हिंमतरावानं कधी असं केलं काय? मांगं भिंत हाये, पन सांगितलं तं ड्रायव्हर घाबरंन, म्हून म्हना येऊ द्या? असं केलं काय कधी? भिंत हाये हे सांगणं त्याचं काम. ब्रेक मारणं माहं काम. तू माह्या ब्रेकावर पाय ठेवला, पोरी! कोनाले इचारून ठेवला?"

व्हरांड्यातून जाणारे दोघंतिघं थबकले आणि गुलाबरावांची नजर पाहून चालते झाले.

"मी तुह्यावर भरोसा ठेवला होता," गुलाबराव म्हणाले. "डॉक्टरवर नाही, पोरावर नाही, तुह्यावर. माह्या बायकोले मी पाय पाहू देल्ला नाही, तुले देल्ला. आन् तू मले लेकरू समजून खेळणं दाखवत होती."

"झालं बोलून?"

"नाही झालं!"

"मंग मी बोलते, तुमचं मंग बोला." प्रतीक्षानं किल्ली पर्समध्ये टाकली. "तुमच्या खाटेच्या पायाले मुंग्या कायच्या लागतात?"

गुलाबराव एकदम चपापले. वॉर्डाच्या दारात तांब्या घेऊन आलेल्या सिंधूताई तिथल्या तिथं थांबल्या.

"सांगा ना. पूर्ण वॉर्डात कोनाच्याच खाटेले नाही, तुमच्याच खाटेले. शालूबाई रोज फडकं मारते आन् रोज मले सांगते, सिस्टर, या बाबाच्या खाटेखाली गोड सांडते. रोज सकाळी सुई टोचायच्या आधी मी तुमाले इचारते, बाबा, काही खाल्लं-पेलं? तुमी काय म्हनता? पान्याचा घोट बी नाही. तुमच्या शब्दावर डॉक्टर इन्सुलिन वाढवून राह्यले! अंगठा कायनं काळा पडला? माह्या फोटोनं पडला?"

"थो इषय येगळा हाये."

"कसा येगळा?"

"येगळा हाये म्हनलं ना!"

"कंडक्टरनं खरं बोलावं आन् ड्रायव्हरनं खोटं? अशी गाडी मांगं येते काय?"

यावर गुलाबरावांचा संताप दुप्पट झाला. जन्मात कोणा पोरीसोरीनं त्यांना असं फाडून विचारलं नव्हतं. उठून तरातरा निघून जावं असं फार वाटलं, पण तरातरा चालता येण्याजोगा पाय नव्हता. ते नुसते धुसफुसत बसले.

"तू मले फसवलं," शेवटी ते म्हणाले.

"हाव. फसवलं," प्रतीक्षा म्हणाली. "धम्मरत्नभाऊंनी सांगितलं म्हून नाही. तुमी पळू नये म्हून मीच फसवलं. पुन्हा फसवनार नाही असं म्हनलं तं तुमी मानणार नाही. चला."

"कुठी?"

"बुधवारचा पाय पाहाले."

ड्रेसिंगच्या खोलीत तिनं त्यांना टेबलावर बसवलं. ड्युटी संपलेली असूनही हात धुतले, ड्रेसवरच एप्रन चढवला, हातमोजे घातले. मग सिस्टर लोकांच्या खोलीतला आरसा आणला, ज्यात बघून त्या सगळ्या टिकल्या लावत. सकाळचीच पट्टी तिनं कात्रीनं कापली. वास खोलीभर पसरला. आरसा तिनं तळव्याखाली तिरपा धरला आणि गुलाबरावांनी चष्मा सावरला.

"मी बोलते, तुमी पाहा. खोटं वाटलं तं टोका," ती म्हणाली. "अंगठा मुळापासून काळा. त्याच्यात जीव नाही. बाजूचं बोट अर्धं काळं, अर्धं निळं. दोघांच्या मधात पू हाये. जखमेचा काठ पांढरा पडला, रविवारी लाल होता. टाचेकडं चांगलं हाये. तिथं रक्त येते. थे बी खरं सांगते, तुमाले बरं वाटावं म्हून नाही."

गुलाबराव बघत राहिले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. राग काही गेला नव्हता, होता तिथंच होता. पण भीती वाटत होती, आणि ती लपवायचा आता त्यांना कंटाळा आला होता.

"ब्रेकचा पाय हाये हा," ते म्हणाले.

"हाव."

"या अंगठ्यावर अख्खी गाडी उभी राहत होती माही. राजुरच्या घाटात."

रडू नका, काही होत नाही, असलं काही प्रतीक्षा म्हणाली नाही, आणि ते गुलाबरावांच्या ध्यानात आलं.

"बांध," ते म्हणाले.

तिनं जखम धुतली, नवी पट्टी बांधली. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. धम्मरत्नला एकदाची रिक्षा सापडली होती.

"उद्या तिथं मांगं उभी राहशीन?" गुलाबरावांनी भिंतीकडे बघत विचारलं. "थे लोक पडदा लावतात म्हने. मले काही दिसनार नाही."

"उद्या माही सुट्टी हाये."

गुलाबरावांनी असं काही पाहिलं की ती आरसा पुसता पुसता थांबली.

"येईन," ती म्हणाली.

"माहा राग गेला नाही, ध्यानात ठेव."

"नका जाऊ देऊ. माहा बी नाही गेला."

धम्मरत्ननं रिक्षावाल्याच्या चार शिव्या खाऊन त्याला परत पाठवलं.

रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. सकाळी वॉर्डात चादरी बदलायची घाई चालू असताना सिंधूताई थर्मास घेऊन खाटेशी उभ्या राहिल्या. नोकरीच्या साऱ्या वर्षांत गुलाबरावांनी त्यांच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कधी गाडी काढली नव्हती. पहाटेची ड्युटी असो की रात्रीची, स्टीलचा ग्लास भरून चहा, दूध जास्त, साखर त्याहून जास्त, आणि मग डेपोकडे. पावसापाण्यात, तापात, आई वारली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

"डॉक्टर नाही म्हनले," सिंधूताई कुजबुजल्या. पण थर्मास पदराखालून बाहेर आलाच होता.

"डॉक्टरले काय समजते? गाडी काढायची हाये आज. रिकाम्या पोटी मी कधी काढली काय?"

सिंधूताईंचे डोळे भरून आले. पुरा पाय घेऊन हा माणूस आपल्या हातचा आज शेवटचाच चहा पितो आहे, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ग्लास भरला. गुलाबरावांनी भिंतीकडे तोंड करून तो घशाखाली ओतला, चूळ भरली, मिशी पुसली.

ऑपरेशन थिएटरच्या दारात ऋत्विक डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाही."

आत भुलीच्या डॉक्टरबाईंनी तेच विचारलं.

"पान्याचा घोट बी नाही," गुलाबराव म्हणाले. जिभेला सवयच होती.

थिएटर थंडगार होतं. छतावरचा मोठा दिवा पेटला. ट्रॉलीवर ते उताणे पडले होते आणि कोण कुठे आहे काही दिसत नव्हतं, नुसती भांड्यांची खणखण. मग पायांच्या बाजूनं आवाज आला.

"बाबा, मी आली. मांगं उभी हाये."

गुलाबरावांनी मान उचलली. हिरवी टोपी, तोंडाला मास्क, फक्त डोळे. तिचेच.

"आता कमरेत सुई देतील," प्रतीक्षा म्हणाली. "कोनी म्हनंन दुखत नाही. दुखते. मंग कमरेखाली काही समजनार नाही. पडदा लावतील. अंगठा आन् एक बोट जाईन असं ठरलं हाये. आत जास्त खराब निघालं तं जास्त बी जाईन, अर्धा पंजा बी जाईन. जे जाईन थे मी तुमाले इथून सांगीन."

"सिस्टर, पेशंटला घाबरवताय कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजोबा, काही होत नाही हं. झोपेत होऊन जाईल."

गुलाबराव दिव्याकडे बघत होते. घशात चहाचा गोडवा अजून होता. डॉक्टरबाईंनी हातात सिरिंज घेतली. ऋत्विक डॉक्टर नर्सकडून हातमोजे चढवून घेत होते. पायांकडे ती पोरगी सुट्टी सोडून उभी होती, काल त्यांच्याशी एवढी भांडून. गुलाबरावांना तिचा परत राग आला. इतका राग आला की गप्प बसणं त्यांना जमेना.

"थांबा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"मी च्या पेलो."

कोणाला काही कळलं नाही.

"सकाळी. ग्लास भरून पेलो. दुधाचा, साखरेचा. आजच नाही, रोजच पेतो. तुमच्या इन्सुलिनची काही चूक नाही."

डॉक्टरबाईंच्या हातातली सिरिंज ट्रेमध्ये पडली. ऋत्विक डॉक्टरांचा आवाज फुटला तो थिएटरबाहेर ऐकू गेला.

"वेड लागलंय का तुम्हाला? दोन दोन वेळा विचारलं! मध्येच उलटी झाली असती, पोटातलं सगळं छातीत गेलं असतं, इथल्या इथं जीव गेला असता. बोट नाही, जीव! समजतंय का? बोटं वाचवायला धडपडतोय आम्ही आणि हे..." त्यांनी हातमोजे ओरबाडून काढले. "कॅन्सल. न्या यांना बाहेर. दुपारनंतर बघू. आणि आता यांच्या खाटेपाशी कोणी फिरकलं तर बघतो."

गुलाबरावांनी मान वळवून प्रतीक्षाकडे पाहिलं.

"झालं समाधान?" ते खेकसले. "खरं बोल, खरं बोल. घे, बोललो."

मास्कच्या वर तिचे डोळे जळत होते.

"मेले असते आज तुमी," ती म्हणाली. "माह्या डोळ्यांदेखत मेले असते, आन् मी तिकडं उभी राहून बोटं मोजत असती."

"नाही मेलो ना?"

"मेले नाही म्हून काय आरती करू?"

थिएटरबाहेरचा रस्ता अरुंद, त्यातच कपाटं. ट्रॉली वळवायला जागा नव्हती, आली तशीच उलटी बाहेर काढायची. वॉर्डबॉय उत्तमराव पायांकडून ढकलू लागला. गुलाबराव डोक्याच्या बाजूनं मागे मागे निघाले. त्यांना दिसत होतं ते उत्तमरावचं पोट आणि वरचं छत, मागचं काही नाही. प्रतीक्षा त्यांच्या उशाकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

मग मागून ट्रॉलीच्या पत्र्यावर थाप बसली.

"येऊ द्या," ती म्हणाली. रागानं अजून आवाज फाटत होता. "येऊ द्या. डावीकडं कपाट हाये, जपून. येऊ द्या. आता उंबरा हाये, दणका बसंन."

दणका बसला. चांगला जोराचा बसला.

गुलाबरावांनी डोळे मिटून घेतले.

दाराबाहेर धम्मरत्न आणि सिंधूताई उभे होते. इतक्या लवकर ट्रॉली परत आलेली पाहून सिंधूताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला थर्मास त्यांनी झटकन पदराखाली घेतला.

"सिंधू," गुलाबराव डोळे न उघडता म्हणाले, "थो थर्मास सिस्टरजवळ देऊन टाक."

सिंधूताई जागच्या हलेनात. प्रतीक्षानं एक हात पुढे केला, दुसरा ट्रॉलीवरच ठेवला, आणि थर्मास हातात येईपर्यंत थांबली. मग तिनं परत थाप मारली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "मांगं मोकळं हाये."